चौदा मिक्सर वाजले

मेक्सिकोतल्या केरेतारो शहराच्या मिक्सर कारखान्यात ओतिलियाबाई एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या. मिक्सरच्या बुडाला अकरा स्क्रू पिळायचे. मनगट इतकं कामातून गेलं होतं, की घरी तव्यावरची तोर्तिया उलटतानाही कळ यायची.

शेवटी त्यांनीच इंजिनिअर सामारिपांना सुचवलं, "साहेब, आठ स्क्रू काढा आणि खटके बसवा. दाबलं की टक्‌! मोटार धरून ठेवणाऱ्या तीन स्क्रूंना मात्र हात लावू नका हं."

साहेबांनी अकराही काढले. मुख्य कचेरीकडून चकचकीत मानपत्र आलं, अर्थात साहेबांच्याच नावे.

मग परदेशी खरेदीदार आले. "शेंबडं पोरसुद्धा जोडेल!" म्हणत सामारिपा बाईंना उठवून स्वतःच बाकावर बसले. टक्‌, टक्‌, टक्‌. बघता बघता पंधरा मिक्सर झाले. टाळ्या पडल्या. हात मिळवताना साहेबांचा चेहरा उतरला. बोटातली लग्नाची अंगठी नव्हती.

"आत पडली असेल. उघडा," खरेदीदारांसोबत आलेले कंपनीचे डायरेक्टर म्हणाले.

"उघडत नाहीत, साहेब. खटका एकदा बसला की कायमचा," सामारिपा म्हणाले.

"मग हलवून बघा. अंगठी असेल तो वाजेल."

हलवले. पंधरापैकी चौदा वाजले.

एका खरेदीदाराने अदबीने विचारलं, "यांची लग्नं किती झालीत?"

हातोडा आणला. एकेक फोडला. प्रत्येकात मोटार खुळखुळत होती. अंगठी कशातच नाही. शेवटी न वाजणारा फोडला. अंगठी मोटारीखाली घट्ट अडकली होती. तिच्यामुळेच तेवढी एक मोटार जागेवर राहिली होती. खरेदीदार जेवायलाही थांबले नाहीत.

सोमवारी बाईंना कचेरीत बोलावलं. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं: 'दोषाचं मूळ: कामगार मारिया ओतिलिया बार्रागान सेर्विन यांची सूचना.'

"अहो, तीन स्क्रू ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"ते लेखी कुठंय, ओतिलियाबाई?" सामारिपा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आणि तुम्हाला काय, नोकरी शाबूत आहे. स्क्रू परत येताहेत. अकराच्या अकरा."

बाईंनी कागद पुन्हा वाचला. एकोणीस वर्षांत कंपनीने त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदाच कुठे तरी लिहिलं होतं, आणि तेही बिनचूक. त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. उजवा दुपारच्या पाळीला लागणार होता.