तात्यांच्या उंदराची शेपूट

पेणमधल्या आमच्या आळीत कुणाचंही पोर स्कूटर शिकलं, की तात्या स्कूटरवर त्याच्या पायाशी शाडूचा एक उंदीर ठेवतात. गणपतीपुढे बसतो तोच, बिनरंगाचा. स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचं. शेपूट शाबूत असेल तर पास, तुटली तर उद्या परत.

तात्यांनी उभं आयुष्य टेम्पोतून पेणचे गणपती गावोगावी पोचवले. त्यामुळे रस्त्यावरची माणसं त्यांना माल वाटतात. हेल्मेटला ते पेंढा म्हणतात. ‘पेंढ्याबिगर मूर्ती हलवायची नाय,’ हे त्यांनी एकदा खुद्द हवालदाराला ऐकवलंय. नवरा-बायको आणि दोन पोरं एकाच मोटरसायकलवर दिसली, की हात आडवा करून विचारतात, ‘गणपती असं रचून नेशाल काय?’ बालवाडीतल्या पोरांना रस्ता ओलांडायला शिकवतात तेही हातात उंदीर देऊन. धावलं की शेपूट तुटते. आमच्या आळीतली पोरं अजून बाजारातही हात पुढे धरून चालतात.

माझ्या ऋतुजाला रोह्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आरटीओनं तिला पास केलं होतं, तात्यांनी नाही. आणि तात्या पास करेपर्यंत किल्ली मिळणार नाही, असं मी घरात जोरात बोलून बसलो होतो. रोज संध्याकाळी शेपूट तुटायची. ‘घाई नडली गो,’ म्हणत तात्या चहा ठेवायचे आणि टेम्पोच्या गोष्टी सुरू करायचे. कॉलेज सुरू व्हायला आलं, तशी पोरगी रडकुंडीला आली.

एकदा मी तिच्या आधीच तात्यांकडे पोचलो. ओट्यावर बसून ते उंदराला शेपूट चिकटवत होते. शाडू ओला होता. स्कूटर कशाला, शिंकेनंही पडली असती.

‘तात्या, हे काय?’

‘पास झाली की पोरं फिरकत नाय रे मास्तर,’ ते मान वर न करता म्हणाले. ‘बायको गेली, मुलगा तिकडं सुरतेला. ह्या उंदरापायी कुनीतरी येतं.’

मी चिडलो होतो खरा, पण तसाच घरी परतलो.

ऋतुजाला सांगितलं. आधी ती भडकली, मग तात्यांचा मुलगा कधी येतो, ते विचारू लागली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तात्या स्वतःच चांगला वाळलेला उंदीर घेऊन आमच्या दारात आले आणि तो तिच्या पायाशी ठेवला. ‘जा रोह्याला. नीट जा गो.’

संध्याकाळी मी काळजीनं आळीच्या तोंडाशी उभा. डोक्यावर पेंढा घालून ती आली. उंदीर जसाच्या तसा. तिनं स्कूटर थांबवली, वाकली आणि दोन बोटांनी कटकन शेपूट मोडली. मग माझ्याकडे न बघता सरळ तात्यांच्या ओट्याशी गेली. मी मागोमाग.

तात्यांनी तुकडा हातात घेऊन मोडलेली बाजू निरखली. गचका कुठला आणि बोट कुठलं, हे त्यांना न कळायला काय झालं?

‘नागोठण्याजवळचा खड्डा,’ ऋतुजा म्हणाली.

‘व्हय,’ तात्या नाक पुसत म्हणाले. ‘लई वाईट खड्डा हाय तो. नापास. उद्या ये.’

आणि चहा ठेवायला आत गेले.