लेणं क्रमांक पस्तीस

मी आमच्या शेजाऱ्याला स्पेनमध्ये मारून टाकलं. फोनवरून. ते त्या वेळी समोरच्या घरात गॅसवर वांगं भाजत होते, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. त्यांची गोष्ट तिकडच्या एका स्पर्धेत पहिली आली हे सांगायला एक बाई बोलत होती, आणि मी तिला सांगितलं, ते गृहस्थ वारले.

हे असं का झालं ते सांगतो. पण त्यासाठी आधी रंगनाथअप्पा सांगायला हवेत, आणि नाइलाजानं थोडासा मी.

रंगनाथअप्पा ढाकरे मूळचे सोयगावचे. वेरूळच्या लेण्यांत स्पॅनिश बोलणाऱ्या पाहुण्यांचे गाईड म्हणून त्यांचे गुडघे झिजले, आणि झिजल्यावर ते आमच्या पडेगावच्या कॉलनीत समोरच्या घरात येऊन राहिले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. अंगात बुशशर्ट-पायजमा आणि डोक्यावर कुणा पाहुण्यानं दिलेली गवताची रुंद हॅट. पहिल्याच दिवशी सगळ्यांना म्हणाले, "मला सेन्योर म्हना." कॉलनीनं ते 'सिनियर' असं ऐकलं. आमच्याकडे साठीच्या आतला माणूस म्हणजे फक्त दूधवाला, तरी सिनियर अप्पा म्हटलं की तेच.

गाईडकी सुटली तरी तोंडातून गेली नव्हती. कुणी पत्ता विचारत आलं की अप्पा त्याला आधी सावलीत उभं करायचे. "इकडं या. मागं सरू नका, पायरी हाय. आता डाव्या हाताला बगा. हे शेळके साहेबांचं घर. हे वरून खाली खोदलेलं नाय, खालून वर बांधलंय, म्हनून गळतं."

शेळके साहेब म्हणजे मी. बँकेतून निवृत्त. नोकरीत असताना आमच्या शाखेत एक वयस्कर मास्तर यायचे, त्यांना स्पेनची लॉटरी लागल्याची मेल आली होती. लॉटरी अर्थातच लागली नव्हती, मास्तरांची मात्र चांगलीच लागली. तेव्हापासून स्पेन हा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप खिशावर जातो. निवृत्तीनंतर मी सोसायटीच्या हॉलमध्ये फसवणुकीपासून सावध कसं राहावं यावर भाषणं देतो. अनोळखी परदेशी नंबर उचलायचा नाही, हा माझा पहिला नियम. उचललाच आणि समोरच्यानं कुणाचं नाव घेतलं, तर तो माणूस वारला म्हणून सांगायचं, हा दुसरा. 'मेलेल्या माणसाला ओटीपी येत नाही' या माझ्या वाक्याला हॉलमध्ये हमखास टाळ्या पडतात. अप्पा पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घ्यायचे.

अशा माणसाच्या समोर स्पॅनिश बोलणारा शेजारी येऊन राहिला, म्हणजे बघा.

"तुम्ही ही भाषा शिकलात कशी?" मी एकदा आडून आडून विचारलं.

"शिकायला काय लागतं साहेब. घरातलंच सामान हाय. कमीजला कामिसा, साबनाला हाबोन, मेजाला मेसा, नारंगीला नारांहा. आन पैसे देनं म्हनजे पगार. तुमी बँकेत जन्मभर स्पॅनिशच तर ऐकलं."

मला हे उत्तर फार तयार वाटलं. खरा माणूस जरा अडखळतो.

मग तो पुठ्ठा. चंदेरी कागद चिकटवलेला, दोन हात लांब. लेण्यांत अंधारातली मूर्ती दाखवायला गाईड लोक बाहेरचं ऊन अशा पुठ्ठ्यानं आत फेकतात. अप्पा रोज चारच्या सुमाराला ओट्यावर बसून तो उन्हात धरायचे. "खोली अंधारी हाय, वाचायला उजेड घेतो आत," असं त्यांचं म्हणणं. पण तो उजेड आत जाण्याआधी आमच्या गॅलरीवरून दोन-तीनदा फिरून जायचा. आमच्या कॉलनीपासून लष्कराची छावणी किती लांब आहे? काहीच नाही. मी वही केली. चार दहा, तीन चमका. चार सोळा, दोन आखूड, एक लांब.

आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदानं, ती वही वाचली. "अहो, इशारा द्यायचा तर ते छावणीकडं देतील," ती म्हणाली, "आपल्या दोरीवरच्या बनियनला कशाला देतील?"

बायका भोळ्या असतात असं मी मनात म्हटलं. मनातच.

एक दिवस पोस्टात अप्पा माझ्या पुढं रांगेत. हातात जाड पाकीट, वर स्पेनचा पत्ता. बंद करायच्या आधी ते कागद मोजत होते. एकाच मजकुराच्या पाच प्रती. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक ओळ मोकळी. वर नाव दुसरंच. आणि आत आणखी एक बारकं पाकीट, डिंकानं घट्ट चिकटवलेलं. मोकळ्या ओळींत लिंबाच्या रसानं काय लिहिलं असेल, या विचारानं मी तिथंच विचारलं,

"काय पाठवताय?"

"गोष्ट," अप्पा म्हणाले. "तिकडं गावोगाव गोष्टींचे फड भरतात साहेब. आपल्याकडं जत्रेत कुस्त्या लावतात ना, तसं. गावचं वाचनालय नाय तर नगरपालिका इनाम लावती. बारकी गोष्ट, चार-पाच पानांची. काही लिहिनारे तर पैलवानावानी, एक फड सोडत नाय. या गावचं मारलं की त्या गावाला."

"आणि हे खोटं नाव?"

"पंचांना वळख लागू द्यायची नाय. गोष्टीवर टोपननाव. खरं नाव, पत्ता, फोन या बारक्या पाकिटात. याला प्लिका म्हनतात. गोष्ट पैली आली तरच फोडायची."

"नाही आली तर?"

"न फोडता जाळतात."

पुरावा नष्ट. मला हवं होतं ते मिळालं.

"आत्तापातूर माझं नाव अकरा गावांत जळलं," अप्पा म्हणाले आणि हसले. "इनाम नको साहेब. एकदा कुनी पाकीट फोडलं पायजे, बस. आत कोन हाय म्हनून."

मी टोपणनाव वाचायला मान लांब केली. त्यांनीच सांगितलं, "लेनं क्रमांक पस्तीस."

"पण वेरूळला लेणी तर चौतीस आहेत."

"व्हय. लोक चौतीस बगतात आन बसमधे चढतात. पस्तिसावं मी."

मी हे घरी येऊन वहीत लिहिलं आणि समोर 'सांकेतिक क्रमांक' अशी नोंद केली.

काही महिन्यांनी, एका गुरुवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. नंबर परदेशी. पहिला नियम मोडून मी तो उचलला, कारण चोराला झापायची संधी रोज मिळत नाही. पलीकडे एक बाई, मोडक्या इंग्रजीत. ती म्हणाली, "सेन्योर रंगानात?" मग म्हणाली, "प्राइज. फर्स्ट प्राइज." मग स्पेन म्हणाली, आणि तिथं माझ्या डोळ्यांपुढं ते मास्तर उभे राहिले. अप्पांचं नाव काढलं, आता माझा नंबरही काढला, टोळी मोठी दिसते. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "नो ओटीपी." बाई म्हणाली, "ओटीपी?" जणू शब्द पहिल्यांदाच ऐकत होती. तेव्हा मी दुसरा नियम काढला.

"सेन्योर डेड," मी म्हटलं. "टुडे. मॉर्निंग."

पलीकडे नाक ओढल्यासारखा आवाज. मग बाईनं अगदी हळू विचारलं, "अँड यू?"

"आय अॅम फाइन," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी हा किस्सा तीनदा सांगितला. नाव मात्र कुणाचं घेतलं नाही. एखाद्याला त्याच्याच मरणाची बातमी उगाच कशाला द्या.

चार-पाच दिवसांनी मला मेल आली, सगळी स्पॅनिशमध्ये. चोरांची एवढी हिंमत बघून मी ती छापून घेतली आणि तडक अप्पांच्या ओट्यावर गेलो. सुनंदाही मागोमाग आली, कारण मी विजयी मुद्रेनं कुठं निघालो की ती मागं येतेच.

"वाचा अप्पा," मी म्हटलं, "आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठी करा."

अप्पांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली, चष्मा लावला आणि गाईडच्या आवाजात सुरुवात केली. "प्रिय अमिगो शेळके. गुरुवारी तुमीच फोन उचलला, म्हनून तुमालाच लिहिते. आमच्या गावच्या वाचनालयात परवा बक्षिसाचा कार्यक्रम झाला. पंचांना सगळ्यात जास्त आवडली ती गोष्ट एका थकलेल्या गाईडची. तो रोज उन्हाचा उजेड फेकतो, आन समोरचा शेजारी गॅलरीत उभा राहून त्या उजेडाचा हिशेब लिहितो."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी ओट्याच्या फरशीकडं बघितलं.

"लेनं क्रमांक पस्तीस यांचं पाकीट आमी फोडलं," अप्पा पुढं वाचत होते, पण आवाज आता गाईडचा राहिला नव्हता. "आत घरच्या कुनाचं नाव नव्हतं. अमिगो, म्हनजे दोस्त, म्हनून एकट्या तुमचं नाव, तुमचा फोन, तुमची मेल. ते गेल्याचं तुमच्याकडून कळलं, तवा आमी सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. पाववाल्यानं दुकान बंद ठेवलं. त्यांचं दुसरं कुनी आमाला म्हाईत नाय, म्हनून दुःख तुमालाच कळवतो."

खाली सही होती, पिलार, ग्रंथपाल.

अप्पांनी कागदाची घडी घातली. "साहेब, मी कधी वारलो?"

"गुरुवारी," मी म्हटलं. "संध्याकाळी वारलात. पण त्यांना सकाळ सांगितलीय."

सुनंदा मला बोलणार होती, पण अप्पांच्या चेहऱ्याकडं बघून थांबली. त्यांना राग आलेला नव्हता. ते कागदावरून अंगठा फिरवत होते.

"म्हनजे पाकीट फोडलं," ते म्हणाले.

मी विचारलं, "माझा नंबर का दिलात अप्पा? मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुमी नाय म्हनले असते. परदेशी नंबर मी तर उचलत नाय, तुमचाच नियम, म्हनून तुमचा दिला. आन खरं कोनतं, खोटं कोनतं, हे कॉलनीत तुमच्याइतकं कुनाला कळतं?" हे ते अजिबात टोमणा न मारता म्हणाले. टोमणा असता तर मला सोसला असता.

आता माणसाला जिवंत करणं आलं. मारायला मला अर्धं मिनिट लागलं होतं, जिवंत करायला चांगला तासभर गेला. दुसऱ्या दिवशी चारला, म्हणजे तिकडच्या दुपारी, ओट्यावरच व्हिडिओ कॉल लावला. फोन सुनंदानं धरला. माझ्या हातात द्यायला ती तयार नव्हती. पडद्यावर पिलारबाई आल्या, पांढरे केस, मागं पुस्तकांची कपाटं. अप्पा हॅट काढून म्हणाले की मीच तो, जिवंत आहे.

बाईंचा चेहरा जो बदलला, तो मला ओळखीचा होता. आरशात बघितलेला. त्यांना वाटलं, मेलेल्या माणसाचं बक्षीस लाटायला कुणी तोतया उभा राहिलाय. अप्पांनी आधारकार्ड दाखवलं. बाई म्हणाल्या, कार्ड काय, कुणीही आणेल. अप्पांनी टोपणनाव सांगितलं. ते आता सगळ्या गावाला माहीत आहे, बाई म्हणाल्या. मला त्यांचं मनातून कौतुक वाटलं. अशी माणसं आमच्या बँकेत हवी होती.

शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला आणि अप्पांनी तो आम्हाला मराठीत सांगितला. "त्या म्हनत्यात, तो गाईड रोज उजेड का फेकतो, हे गोष्टीत लिहिलेलं नाय. पंचांचं यावरून भांडन झालं. ज्यानं लिहिली त्यालाच ठाऊक असंल. तर सांगा."

अप्पा बराच वेळ बोलले. स्पॅनिशमध्ये, हळू, माझ्याकडं एकदाही न बघता. पलीकडे बाईंनी चष्मा काढला.

"काय सांगितलंत?" सुनंदानं विचारलं.

अप्पा हॅट फिरवत राहिले. "हेच की, खोलीत ट्यूब हाय. वाचायला उजेड लागत नाय. पन पुठ्ठा हलवला की समोरचा मानूस वही घिऊन गॅलरीत येतो. दिवसभरात आपल्याकडं बगनारं तेवढंच."

मी ओट्यावरच्या कुंडीतल्या तुळशीला काही रोग आहे का ते तपासू लागलो.

बाई आता वेगळ्याच आवाजात बोलत होत्या. त्यांना तो शेजारी बघायचा होता. सुनंदानं फोन माझ्याकडं वळवला. मी सावलीत होतो, तेव्हा अप्पांनी शेजारचा पुठ्ठा उचलला आणि एवढे दिवस बनियनवरून फिरलेला तो उजेड पहिल्यांदाच नीट माझ्या तोंडावर पाडला. डोळे मिटून मी म्हटलं, "आय अॅम फाइन."

माझा आवाज बाईंनी ओळखला. त्या खूप हसल्या, मग पडद्याजवळ येऊन मला नीट न्याहाळून अप्पांना काहीतरी म्हणाल्या. अप्पांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"सांगा की अप्पा," सुनंदा म्हणाली.

"जाऊ द्या वहिनी."

"सांगा. त्यांना सवय आहे."

"त्या म्हनत्यात," अप्पा म्हणाले, "गोष्टीत मी शेजारी जरा जास्तच हुशार दाखवलाय."