छतातली घरघर

छतातून घरघर ऐकू आली आणि लिफ्टवाला मुद्दाम मोठ्याने खोकला. रिकाम्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिघंच उभे होते: याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा तो, त्याची शिवणकाम करणारी बायको आणि बँकेच्या कर्ज विभागातल्या मॅडम. मॅडमनी मान वर केली, कान दिला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. डोक्यावर लिफ्टची मशीनरूम, म्हणून कुणी घेत नव्हतं आणि म्हणूनच यांना परवडत होता. बायकोने अठरा वर्षं काटकसरीने जुन्या चादरींचे पडदे आणि जुन्या पडद्यांची पायपुसणी करून आगाऊ भरायची रक्कम जमवली होती. राहत्या खोलीच्या मालकाने वर्षाच्या आत जागा सोडायला सांगितलं होतं. हे घर हातचं गेलं, तर दुसरं मिळण्याइतका पैसा या जन्मी काही साठत नव्हता.

"हा आवाज लिफ्टचा का?" मॅडमनी विचारलं.

"लिफ्टचाच," लिफ्टवाला म्हणाला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खोटं कसं पटकन निघतं.

"पण लिफ्ट तर इथेच उभी आहे. दार उघडं आहे तिचं."

आता गप्प बसावं की नाही? पण नाही. थांबली तरी मोटर जराशी गुरगुरतेच, असं त्याने ठोकून दिलं. म्हणजे चोवीस तास का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा यानं मान डोलावली. मॅडमनी भिंतीला तळवा लावला. भिंत थरथरत होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या की भिंतींना दिवसरात्र असा हादरा बसत असेल, तर बँक या घरावर कर्ज देणार नाही. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या खिडकीचं माप तिने मघाशीच घेतलं होतं.

खरं काय ते एकट्या लिफ्टवाल्याला ठाऊक होतं. वर गुरगुरत होती ती मोटर नव्हती, मालिश करणारी खुर्ची होती. हप्त्यांवर घेतलेली, बायकोपासून मशीनरूममध्ये लपवलेली. दुपारी डबा खाऊन तो तिच्यावर जरा पाठ टेकायला बसला आणि मॅडम लवकर आल्याचा बायकोचा फोन आल्यावर बंद न करताच खाली पळत आला. मशीनरूममध्ये स्वतःची टाचणीसुद्धा ठेवायची नाही, असा त्याच्या लिफ्ट कंपनीचा नियम. बोलावं तर बायको आणि नोकरी दोन्ही जाणार, गप्प बसावं तर घर. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने बायकोच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"मॅडम, तो हादरा माझा आहे," तो म्हणाला. "वर चला, दाखवतो."

वर जाऊन त्याने मशीनरूमचं कुलूप काढलं. दार उघडलं. खुर्ची रिकामीच बसून मनापासून थरथरत होती. शेजारी धावायचा पट्टा, त्याच्यावर दुर्बीण, कोपऱ्यात चार माणसांचा तंबू. त्याने खुर्चीची पिन काढली. घरघर थांबली.

बायकोने एकेक वस्तू पाहिली.

"तंबू कशाला?" तिने विचारलं.

"म्हटलं, आपण कुठेतरी जाऊ."

"कधी?"

"घर झालं की."

मॅडमनी भिंतीला पुन्हा हात लावला, कंपनांची ओळ खोडली आणि फाइल उघडली. लिफ्टवाल्याने डोळे मिटून घेतले. फाइलमध्ये त्याचे सगळे हप्ते तारीखवार होते.

"मॅडम, मी यांना जन्मभर सांगत आले, अंथरूण पाहून पाय पसरा," बायको म्हणाली. "असल्या उधळ्या माणसाला तुम्ही कसं काय कर्ज देणार?"

"यांना देऊ ना. चार वस्तू, चार कर्जं आणि एकही हप्ता एक दिवससुद्धा उशिरा नाही. दोन कर्जं चालू आहेत, तेवढी फेडून टाका." मॅडमनी पान उलटलं. "अडचण तुमची आहे, ताई. एकट्या यांच्या पगारात भागणार नाही, अर्ज दोघांच्या नावाने आहे."

"माझी? मी आजवर कुणाची दमडी ठेवलेली नाही."

"तेच म्हणते मी. ना कर्ज, ना हप्ता. तुम्ही घेतलेलं फेडता की नाही, हे बँकेला कसं कळणार? काहीतरी लहानसं हप्त्यावर घ्या, सहा महिने नीट फेडा आणि मग या. तोवर हा फ्लॅट कुठे जात नाही, बिल्डर याला गिऱ्हाईक शोधून दमलाय."

मॅडम खाली गेल्या. बायकोने वळून त्या खुर्चीकडे पाहिलं. आयुष्यात कधी कर्जाच्या वाटेला न गेलेली ती बाई आता पांढरीफटक पडली होती. लिफ्टवाला शिव्या ऐकायच्या तयारीत मान खाली घालून उभा राहिला.

ती हळूच त्याच्या जवळ सरकली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पैशाच्या बाबतीत तिने त्याला पहिल्यांदाच काही विचारलं.

"अहो," ती म्हणाली, "सुरुवात कशाने करतात?"