रिजेक्ट केलेली आसरा

गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजता शेजारच्या काशिनाथआबांनी माझ्या भाचीच्या, केतकीच्या, कादंबरीतली आसरा रिजेक्ट केली. कारण चिठ्ठीवर लिहून दिलं: पाय उलटे.

आबा मूळचे बेडशाचे. देहूरोडच्या लष्करी डेपोत आलेला माल तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन बेगडेवाडीत आले, तरी तपासणी थांबली नाही. मुहूर्ताचा वार चुकला म्हणून त्यांनी एक लग्नपत्रिका परत पाठवली होती. वस्तू मोजून घेतात, मोजून परत देतात, सोबत सहीची चिठ्ठी. घरात एकटेच असतात, पण चिठ्ठीच्या दोन प्रती करतात.

केतकीची कादंबरी कॉलेजच्या मुलांसाठी आहे. गावच्या विहिरीतली आसरा आणि तिच्या प्रेमात पडलेला मुलगा. भीती आणि प्रेम यांचा मेळ बसत नाही म्हणून प्रकाशकाने ती एकदा परत केली होती. बुधवारी ती पुन्हा देण्याची शेवटची संधी होती, म्हणून तिने आधी आबांना तपासायला दिली.

आबा दारातच कडाडले. "उलटं पाय हडळीचं. आसरा म्हंजी पाण्यातली बाई, तिला हिरव्या बांगड्या वाहत्यात. ही भेसळ हाय."

मुलगा आसरेसोबत सेल्फी काढतो, याचा त्यांना जास्त संताप होता. "ह्यो भीतच न्हाई. मंग पिरेम कशाचं?"

केतकी म्हणाली, "आबा, फार भीती घातली तर प्रेम उरत नाही."

"कोन म्हनतं?" आबा पायरीवर बसले. लग्न नवं असताना त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बेडशाच्या विहिरीवर एकट्या जायला घाबरत. आबा रोज ड्यूटीआधी कळशी घेऊन सोबत जात. सुशीलाबाईंना जाऊन चार वर्षं झाली.

"ती म्हनायची, तुमी हाय म्हनून भ्याव वाटत न्हाई," आबा म्हणाले. "मी तिच्याहून लय भ्यायचो. कवा सांगितलं न्हाई."

सोमवारी केतकीने पाय सरळ केले, सेल्फी उडवला. मुलगा आता घाबरतो, तरी रोज विहिरीवर जातो आणि आसरेला ते कळू देत नाही. हे सगळं चाळिसाव्या पानावर आलं. मंगळवारी एकशे बारा पानांची प्रत आबांकडे गेली.

बुधवारी सकाळी ती परत आली. मी पानं मोजली. चाळिसावं नव्हतं. वर सहीची चिठ्ठी होती: 'एकूण पानं एकशे अकरा. एक कमी. माझ्याकडं आहे.'