पालथे नान

शाहलोने जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर अठ्ठावीस नान पालथे मांडले. समरकंदात नान पालथा ठेवणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं. पण करते काय? नानवाल्याने ओळखू यावेत म्हणून नव्या जातीच्या गव्हाच्या नानांवर ताऱ्याचा ठसा मारला होता, जुन्या गव्हाच्या नानांवर फुलाचा. आणि चाखणाऱ्याला कोणता नान कोणता हे कळता कामा नये, असं संख्याशास्त्राचे प्राध्यापक सोबिरोव यांनीच वर्षभर घोकून घेतलं होतं. सगळे त्यांना दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणत. नव्या गव्हाला दोमलांचंच नाव दिलेलं होतं, हा अर्थात निव्वळ योगायोग. शाहलो या विषयात एकदा नापास झाली होती. आज या चाखणीच्या अहवालावर त्यांची सही मिळाली नाही, तर विद्यापीठातून नाव कमी होणार होतं.

मोहल्ल्यातले बारा म्हातारे चाखायला आले आणि देखरेखीला दोमला. कोणी आधी चाखायचं, यासाठी शाहलोने चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी निघाली साठीच्या एर्गाशची.

"मी? होशिम बोबोंच्या आधी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

झालं, चिठ्ठ्या बाद. मोहल्ल्याचे आजोबा, एक्याऐंशी वर्षांचे होशिम बोबो पुढे सरसावले आणि दस्तरखान पाहून थबकले.

"कोण गेलं गं तुमच्याकडे?"

"कुणी नाही, बोबो. हे शास्त्र आहे."

"चुलीत घाल तुझं शास्त्र! सरळ कर आधी ते!"

मिनिटभरात बारा जणांनी मिळून सगळे नान उलथले. तारे नि फुलं लख्ख दिसू लागली. बोबोंनी दोमलांकडे पाहिलं. दोमला ताऱ्याकडे टक लावून पाहत होते. बोबोंनी दोन्हींतला एकेक नान मोडला, तुकडे वाटले, चाखले.

"तारा! काय चव आहे!"

"ताराच!" अकरा जणांनी री ओढली. त्यातल्या दोघांचा तुकडा अजून हातातच होता.

"बारापैकी बारा!" दोमला हरखले. "लिही, लिही!"

"पण दोमला, हे एकाच माणसाचं मत बारा वेळा मोजणं झालं. तुम्हीच शिकवलंत."

"ते पेपरात लिहायला शिकवलं. थोरामोठ्यांच्या जिभेवर शंका घेतेस? सही हवीय ना तुला?"

शाहलोला रडू फुटायचं बाकी होतं. पण पाहुण्याला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? "आवडेल तो नान घरी न्या," ती प्रत्येकाला म्हणाली. म्हातारे एकेक करून उठले, जोडे घातले, नान उचलला. एर्गाशने तर दोमलांची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि झटकन एक फूल अंगरख्याखाली सारलं. शेवटी तेरा तारे जागच्या जागी होते आणि फूल उरलं होतं एकच. ते तिने ओढणीत गुंडाळलं आणि अहवाल लिहायला बसली.

दोमला घुटमळले. एक तारा उचलला, परत ठेवला.

"शाहलो, फुलाचा एखादा उरला असेल का गं? तारा नेला तर बायको घरात घेणार नाही."

शाहलोने ओढणी सोडली आणि अहवाल पुढे केला. "आधी सही, दोमला."

दोमलांनी शेवटची ओळ वाचली. 'तोंडाने बारा जणांनी तारा निवडला, हाताने बारा जणांनी फूल.' ते लालबुंद झाले. पण नान अजून कोमट होता. त्यांनी सही केली, नान बगलेत मारला आणि निघाले.

ते दाराबाहेर पडताच शाहलोने दुसरा 'बारा' खोडून 'तेरा' केला.