कृष्णातचा चेअरमन खांदा

खांदा हा पुरुषाच्या शरीराचा सर्वांत जबाबदार भाग आहे, याबद्दल दुमत नाही. घरचा भार, सरकारी बंदूक आणि शेवटी शेजारचे तात्या, सगळे त्याच्यावरूनच जातात. (काळीज, मेंदू वगैरे इतरही अवयव असतात, पण ते कोटाच्या आत किंवा फेट्याखाली जातात, दिसत नाहीत.)

आष्ट्याच्या कृष्णातला हा भाग नावापुरताच मिळाला होता. त्याचे खांदे मानेपाशी सुरू होत आणि घाटातल्या रस्त्यासारखे थेट खाली उतरत. टॉवेल टाकला तर घसरे; शबनम पिशवी अडकवली तर कोपरात येऊन थांबे. घरातले बाकीचे पुरुष पलटणीत. कृष्णात साताऱ्याच्या भरतीतून पहिल्या रांगेतूनच माघारी आला आणि कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क झाला. आपल्याला परत पाठवण्यात देशाचं हितच झालं, असं तो आपणहून सांगायचा. लोक हसायचे. आधी आपणच हसून घेतलं म्हणजे दुसऱ्याला फारसं उरत नाही, असा त्याचा अनुभव होता.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली त्याचं लग्न ठरलं. मुलगी कोयनानगरच्या धरण वसाहतीतली, हरणाबाई. भूकंपाच्या गावात वाढलेली, त्यामुळे सहजासहजी न हलणारी. सासरे सयाजीराव यांनी कोटाचं कापड पाठवलं आणि इथून प्रश्न सुरू झाला.

सांगलीचे ज्ञानू टेलर माप घेता घेता थांबले. त्यांनी टेप पुन्हा लावली, आणि काही हाती न लागल्याने विचारलं, "खांदा कसला ठिवायचा?"

खांदा असतो तोच ठेवायचा, अशी कृष्णातची समजूत होती. ज्ञानूंनी ती दूर केली. खांद्यात साधा हा एक प्रकार. जे आहे ते दाखवणारा. (यासाठी आधी काहीतरी असावं लागतं.) मग मिल्ट्री, पातळ पॅडचा. आणि सर्वांत वरचा तो चेअरमन, जाड पॅडचा आणि रुंद. हा त्यांनी एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांसाठी स्वतः शोधून काढला होता. पुढे अध्यक्ष निवडणुकीत पडले. खांदा पडला नाही.

निर्णय एकट्याने घेण्यासारखा नव्हता. सबब घरी बैठक भरली. अध्यक्षस्थानी वडील, निवृत्त हवालदार नाथाजी होते, कारण खाट एकच होती. उपस्थितांपैकी टेलरकडून कोट शिवून घेतलेले शून्य टक्के, ठाम मत असलेले शंभर टक्के. मिल्ट्री खांद्याला पलटणीची भाकरी खावी लागते, कापूस चालत नाही, असा निकाल नाथाजींनी दिला. चुलते नानासो यांनी पॅड भिजलं तर फुगतं का, यावर बराच वेळ घेतला. आई चंद्राबाईंनी एवढंच विचारलं, "आन् कोट काढल्यावर?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने चर्चेस घेण्यात आला नाही.

कृष्णातच्या डोक्यातून मात्र तो जाईना. मुलगी बघायला गेले तेव्हा कोयनेत कडाक्याची थंडी होती आणि सगळेच शाली पांघरून बसले होते. म्हणजे हरणाबाईने त्याचे खांदे पाहिलेच नव्हते. भ्यालेला माणूस नेहमी सर्वांत मोठी वस्तू निवडतो. कृष्णातने चेअरमन निवडला.

कोट अंगावर चढवून बघताना हात छातीच्या वर जाईनात. त्याने तक्रार केली. "मोठ्या माणसानं हात कशाला वर करायचा?" ज्ञानू म्हणाले. "हात वर करणारी दुसरी असत्यात."

लग्नात कोटाने कमाल केली. कृष्णातला जन्मापासून ओळखणारेही त्याला वाकून नमस्कार करू लागले. एकाने तर उसाच्या नोंदीचं गाऱ्हाणं घातलं. मग अंतरपाट दूर झाला, आणि बघण्याच्या कार्यक्रमात न कळलेली एक गोष्ट कळली. (त्या कार्यक्रमात मुलगी बसलेलीच असते.) हरणाबाई नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती.

तिने हार घातला. कृष्णातने हात उचलले. ते छातीपाशी थांबले. जोर लावला, तर कोटच कानांपर्यंत वर गेला आणि नवरा आत बुडाला. वाजंत्री थांबली. मांडवात हसू फुटायला लागलं, आणि या खेपेला कृष्णातला आधी हसायचं सुचलं नाही.

"आवं, ऱ्हाऊ द्या," हरणाबाई हळूच म्हणाली. "मीच वाकते."

ती वाकली, हार गळ्यात पडला, आणि फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट खुंटीला गेला आणि मूळ कृष्णात नुसत्या बनियनवर चहाला बसला. हरणाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"एवढंच हाय," तो म्हणाला.

"दिसतंय की," ती म्हणाली. "काल कोटापायी वाकले. रोज न्हाई वाकायची."

आणि तिने त्याच्या बशीत आणखी चहा ओतला. ती पुढे खरोखरच कधी वाकली नाही, आणि कृष्णातचं त्यावाचून काही अडलंही नाही.

फोटो मात्र चौकटीत गेला. रुंद खांद्यांचा नवरा, समोर लवलेली नवरी. संसार कसा असावा याचा नमुना म्हणून आळीतल्या मुलींना तो मुद्दाम दाखवण्यात येतो. कृष्णात गंभीरपणे मान डोलावतो.

वाचकांना यात हसण्यासारखं काही आढळल्यास हरकत नाही. तत्पूर्वी आपल्या भिंतीवरचा लग्नाचा फोटो खाली उतरवून, काच पुसून, त्यात कोण वाकलं आहे आणि कशापायी, याची घरात चौकशी करावी. उत्तर कोट काढून ऐकावं.