वेटसूट कोरडे परत करावेत

मुखेडच्या एका सरकारी कार्यालयाचे भांडारपाल दयानंद यांनी आईला समुद्र दाखवण्यासाठी चार दिवसांची रजा मागितली आणि तिथेच चूक झाली. गुणाबाईंचं वय बहात्तर. त्यांना समुद्रात नुसते पाय बुडवायचे होते. एवढ्याशा कामाला मंजुरी लागेल, असं त्या माउलीला वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तपासणी पथकाने आक्षेप घेतला होता. पूरपथकासाठी आलेले पाच वेटसूट नऊ वर्षं सीलबंद का? उत्तर सोपं होतं. मध्ये दोनदा पूर आला, पण तेव्हा ते बाहेर काढले असते तर भिजले असते. दयानंदांच्या भांडारातली वस्तू वापरून खराब झाली, असं वीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही. त्याचा त्यांना अभिमान आहे.

साहेबांनी दोन्ही प्रकरणं एकत्र केली. रजा मंजूर, मात्र कुटुंबातल्या पाचही जणांनी वेटसूट घालून किनाऱ्यावर फोटो काढावेत, म्हणजे वापर सिद्ध होईल. दयानंदांनी लगेच टिपणी सादर केली. हा रबरी पोशाख गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसतो. पाण्यात थंडी वाजत नाही, ऊन भाजत नाही, खडकाने खरचटत नाही. शिवाय सुनेचं अंग झाकलेलं राहत असल्याने भावकीचीही हरकत नाही. खाली त्यांनी नेहमीची अट घातली : पोशाख कोरडे व मूळ स्थितीत परत करावेत. देणारा आणि घेणारा म्हणून दोन्ही सह्या त्यांनीच केल्या.

कोकणातल्या किनाऱ्यावर पोशाख चढवण्यात दीड तास गेला. सत्यम आणि शिवांगी ही मुलं कशीबशी आत शिरली. त्यांची आई शिल्पा हिची चेन लावायला दोघं लागले. गुणाबाईंनी वेटसूट घातला, त्यावर लुगडं नेसलं आणि डोक्यावरून पदर घेतला. मग सगळे पाण्यापासून वीस पावलं अलीकडे रांगेत उभे राहिले. घाम आतल्या आत वाहू लागला. समोर कसलीही टिपणी सादर न केलेली माणसं चड्डी-बनियनवर खुशाल डुंबत होती.

“दया, पाय बुडवू दे रे आता,” गुणाबाई म्हणाल्या.

“माय, सूट भिजंल. लिहून दिलंय म्या.”

“भिजायसाठीच केलाय न्हवं ह्यो?”

“हाव. पण आपला न्हाई, सरकारी हाय.”

एवढ्यात भरती सुरू झाली. समुद्राला परिपत्रक मिळालं नसावं. चौघं मागे पळाले, गुणाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पाणी घोट्यांवर आलं, मग गुडघ्यांवर, आणि त्या मोठ्याने हसू लागल्या. सासूबाईंना असं हसताना शिल्पाने कधी ऐकलं नव्हतं. तिलाही पाण्यात जावंसं वाटलं, पण तिने आधी स्वतःचा सूट चाचपून पाहिला. तो कोरडा होता. मला तिचं फार वाईट वाटलं.

कार्यालयात चार वेटसूट ‘वापरलेले, कोरडे’ म्हणून जमा झाले. पाचवा पाण्यात गेल्यामुळे निकामी ठरला आणि साहेबांनी तो गुणाबाईंनाच देऊन टाकला. दयानंदांनी तो वाळवला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. चांगली वस्तू आहे, कधीतरी लागेल.

हसा खुशाल. फक्त त्याआधी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक तेवढं काढा, आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपातून आज घरातल्या म्हातारीला चहा द्या.